कडू थेंबाची वाट

दिघीच्या धक्क्याला सकाळी होड्या लागल्या की थोड्याच वेळात तिथे मासळीचे ढीग पडतात. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे आगरदांडा आणि समुद्राच्या अंगाला पाण्यात उभा असलेला जंजिरा. रावस, तांब किंवा घोळ यांसारखा मोठा मासा साफ करणाऱ्या बाईचे हात कितीही झरझर चालत असले, तरी एका ठिकाणी ते क्षणभर थबकतात. काळजाजवळ चिकटलेली एक लहानशी हिरवी पिशवी असते. ती न फुटता अलगद बाहेर आली पाहिजे. फुटली तर भोवतालचे मांस कडू होते आणि कितीही पाण्याने धुतले तरी तो कडवटपणा जाता जात नाही. कोकणातल्या घराघरांत हे शहाणपण आईकडून मुलीकडे आलेले आहे.

जरा लक्ष देऊन पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. एकाच जाळ्यातून आलेल्या दोन माशांपैकी एकाची पिशवी टम्म फुगलेली, गडद हिरवी असते, तर दुसऱ्याची जवळजवळ रिकामी आणि फिकट. ज्याच्या पोटात नुकतीच गिळलेली कोळंबी सापडते, त्याची पिशवी बहुधा रिकामी असते. ज्याचे पोट रिकामे, त्याची पिशवी भरलेली. मासा उपाशी होता की जेवलेला, याचा अंदाज बांधण्यासाठी मत्स्यशास्त्रज्ञही ही खूण वापरतात.

म्हणजे ही पिशवी नुसती पिशवी नव्हे. तिला वेळ कळते. भूक असताना ती सैल पडून पित्त साठवते आणि अन्न आले की आकसून ते आतड्यात सोडते. मग प्रश्न असा, की तिला हे सांगते कोण? हा प्रश्न जिवंत, जेवणाऱ्या, शेपटी हलवणाऱ्या प्राण्यालाच विचारला पाहिजे, असा आग्रह ज्याने आयुष्यभर धरला, तो माणूस दिघीपासून हजारो मैलांवर, बर्फाळ पीटर्सबर्गमध्ये काम करत होता. त्याचे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, पण ते घंटा आणि कुत्र्याच्या लाळेच्या गोष्टीपुरतेच. इव्हान पेत्रोविच पावलोव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र घंटेसाठी नव्हे. ते मिळाले पचनाच्या अभ्यासासाठी, आणि पित्ताची वाट हा त्या अभ्यासाचाच एक भाग होता.

पावलोव्ह यांचा जन्म 26 सप्टेंबर 1849 रोजी रशियातील र्‍याझान या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. घरात पुस्तके होती, पण पैसा बेताचाच. वडिलांना बागकामाचा नाद होता आणि हा नाद मुलानेही जन्मभर जपला. लहानपणी इव्हान उंचावरून फरसबंदीवर आदळला आणि कित्येक महिने आजारी राहिला. त्यामुळे शाळेत जायला उशीर झाला. परंपरेप्रमाणे त्यानेही धर्मगुरू व्हायचे, म्हणून त्याला धार्मिक शिक्षणाच्या शाळेत घातले गेले. परंतु 1860 च्या दशकातल्या रशियात विज्ञानाचे वारे वाहत होते. मेंदूचे व्यवहारही मोजता-मापता येतील अशा प्रतिक्षिप्त क्रिया आहेत असे मांडणारे सेचेनोव्ह यांचे पुस्तक त्याच्या हाती पडले. 1870 मध्ये वडिलांचा मार्ग सोडून तो पीटर्सबर्गच्या विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकायला गेला.

तिथे इल्या त्सिओन यांच्यासारखा कुशल हातांचा गुरू मिळाला. पावलोव्ह मुळात डावखुरे, पण शस्त्रक्रियेत त्यांचे दोन्ही हात सारखेच चालत. स्वादुपिंडाच्या मज्जातंतूंवरील निबंधाला 1875 मध्ये सुवर्णपदक मिळाले. मज्जातंतू आणि पचनाच्या ग्रंथी ही जोडी तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसली ती बसलीच. पुढच्या सगळ्या यशाचे आणि एका मोठ्या चुकीचे मूळही त्या जोडीतच होते.

1881 मध्ये सेराफिमा वासिलिएव्हना या शिक्षिका होऊ पाहणाऱ्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. संसाराची पहिली दहा वर्षे हलाखीत गेली. पहिले मूल लहानपणीच गेले. बिऱ्हाड धड नव्हते. तरुण सहकाऱ्यांनी व्याख्यानांच्या निमित्ताने वर्गणी काढून त्यांच्या हाती थोडे पैसे ठेवले, तर ते पैसे घरी न येता प्रयोगाच्या प्राण्यांवर खर्च झाले, अशी आठवण सेराफिमा यांनी पुढे सांगितली आहे. घरचा सारा भार त्या बाईंनी उचलला. 1883 मध्ये हृदयाच्या मज्जातंतूंवरील प्रबंध पूर्ण झाला. नंतर दोन वर्षे जर्मनीत हाइडेनहाइन आणि लुडविग यांच्या प्रयोगशाळांत काढून ते परतले, तरी नोकरी नव्हती. सैनिकी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले ते 1890 मध्ये, चाळिशी गाठल्यावर. पुढच्याच वर्षी नव्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती आला. आता त्यांच्याकडे जागा होती, माणसे होती आणि कुत्री होती.

त्या काळी पचनाचा अभ्यास कसा होत असे, हे पाहिल्याशिवाय त्यांचे वेगळेपण कळत नाही. प्राण्याला भूल द्यायची किंवा बांधून ठेवायचे, पोट उघडायचे, हवे ते पाहायचे आणि काही तासांत प्राणी संपायचा. पावलोव्ह यांचे म्हणणे असे होते, की वेदनेत आणि भुलीत असलेला प्राणी खरे उत्तर देत नाही, कारण त्या अवस्थेत पचनाचे कामच थांबलेले असते. म्हणून त्यांनी माणसाच्या रुग्णालयात असते तशी स्वच्छ शस्त्रक्रियेची खोली प्राण्यांसाठी उभारली. कुत्र्याला भूल देऊन शस्त्रक्रिया करायची, त्याला पूर्ण बरे होऊ द्यायचे आणि मग तो आनंदाने जेवत असताना महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षे निरीक्षण करायचे, अशी ही पद्धत होती.

त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1889 चा. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशी बाहेर काढलेली, त्यामुळे खाल्लेले मांस पोटात न जाता खालीच पडायचे. तरीही पाचेक मिनिटांत जठरातून आम्ल रस झरू लागायचा. अन्न पोटात गेलेलेच नाही, पण जिभेला आणि नाकाला ते कळले, मेंदूने मज्जातंतूमार्फत निरोप धाडला आणि जठर कामाला लागले. इथे एक खुलासा करायला हवा. आपण घरात पित्त झाले, पित्त उसळले असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्रास देत असते ते जठरातले हे आम्ल. यकृतात तयार होणारे हिरवट-पिवळे कडू पित्त ही निराळी गोष्ट. आयुर्वेदातले पित्त तर त्याहून व्यापक कल्पना आहे.

या खऱ्या पित्ताकडे पावलोव्ह पुढे वळले. पित्ताची नळी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडते. नळीला मध्येच छेद दिला तर तिच्या टोकाची झडप निकामी होते. ही स्नायूंची गोल झडप रुग्गेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्याने 1887 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिली होती. म्हणून पावलोव्ह यांनी नळीच्या तोंडाभोवतीचा आतड्याचा चतकोर तुकडाच तोंडासकट कापून घेतला आणि पोटाच्या कातडीला शिवून टाकला. आतडे पुन्हा सांधले. आता पित्त आतड्यात कधी उतरते हे बाहेरून, थेंब मोजून पाहता येत होते.

त्यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो या सहकाऱ्याने हे थेंब मोजले. उपाशी कुत्र्याच्या नळीतून काही येत नसे. नुसते पाणी पाजले तरी येत नसे. शिजवलेली खळ पोटात घातली तरी नाही. पण चरबी, मांसाचा अर्क किंवा अर्धवट पचलेली प्रथिने पोटात गेली, की काही वेळाने थेंब सुरू होत. दुधाला एक गती, मांसाला दुसरी, पावाला तिसरी. अन्नाप्रमाणे पित्ताचा ओघ बदलत होता. पित्त करते काय, याचेही उत्तर मिळाले. जठराच्या आम्ल कारभाराला ते लगाम घालते आणि स्वादुपिंडाच्या रसाला, विशेषतः चरबी फोडण्याच्या कामात, मोठे बळ देते. जठराची पाळी संपवून आतड्याची पाळी सुरू करणारा हा रस होता.

या ज्ञानाची किंमत कुत्र्यांनी मोजली, हेही सांगितले पाहिजे. नवी शस्त्रक्रिया हाताला बसेपर्यंत अनेक कुत्री दगावली. जी वाचली, त्यांतल्या काहींचा पचनरस कायमचा बाहेर वाहून गेल्याने पुढे त्यांची हाडे मऊ पडली. चरबी पचली नाही तर तिच्यासोबतचे ड जीवनसत्त्वही अंगी लागत नाही, हे कारण नंतरच्या पिढीला कळले. पावलोव्ह यांना आपल्या कुत्र्यांची नावे आणि स्वभाव ठाऊक असत. प्राण्याला मारताना आपल्यालाही यातना होतात असे ते मानत, आणि तरीही ते थांबले नाहीत. आज वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्रच मनात ठेवाव्या लागतात.

1897 मध्ये पचनग्रंथींच्या कार्यावरील त्यांची व्याख्याने पुस्तकरूपाने आली आणि 1904 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन. पण त्याच्या दोन वर्षे आधी, जानेवारी 1902 मध्ये, लंडनमध्ये एक प्रयोग झाला होता. बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी आतड्याच्या एका तुकड्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि त्यात आम्ल सोडले. स्वादुपिंडाला निरोप जायला आता वाट नव्हती. तरीही त्याने रस सोडला. आतड्याच्या अस्तरातून निघालेले एक रसायन रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत पोचले होते. अशा रसायनांना स्टार्लिंग यांनी 1905 मध्ये हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत आपण त्यांना संप्रेरके म्हणतो.

पावलोव्ह यांच्या पंचवीस वर्षांच्या कामाला हा धक्का होता. सारे काही मज्जातंतूच चालवतात, या पायावर त्यांनी आपली इमारत उभी केली होती. त्यांनी एका सहकाऱ्याला तोच प्रयोग पुन्हा करायला सांगितला. सगळे जण गप्प उभे राहून पाहत होते. रस आला. पावलोव्ह काही न बोलता आपल्या खोलीत गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते इंग्रज बरोबर आहेत हे मान्य करूनच. सत्य शोधण्याचा मक्ता काही एकट्या आपल्याकडे नाही, हेही त्यांनी सहकाऱ्यांसमोर कबूल केले. रागीट आणि हट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला हा अर्धा तास नोबेलच्या समारंभाहून मोठा वाटतो. पुढे त्यांनी पचनाचे क्षेत्र हळूहळू मागे टाकले आणि अन्न दिसण्यापूर्वीच सुटणाऱ्या लाळेचा माग काढत मेंदूकडे वळले. घंटेची गोष्ट इथून सुरू होते, जरी प्रत्यक्षात घंटेपेक्षा तालमापक यंत्रासारखी साधने तिथे अधिक वापरली जात.

1917 च्या क्रांतीनंतरचे दिवस भीषण होते. नोबेलचे पैसे बुडाले, मुलगा व्हिक्टर 1919 मध्ये गेला, शहरात अन्न नव्हते आणि ज्यांच्या भुकेचा अभ्यास केला ती कुत्री खरोखरीच उपासमारीने मेली. सत्तरीचे पावलोव्ह संस्थेच्या आवारात भाजी पिकवून घर चालवत होते. देश सोडून जाण्याची परवानगी त्यांनी मागितली. तेव्हा जानेवारी 1921 मध्ये लेनिन यांनी त्यांच्या कामासाठी खास सवलतींचा हुकूम काढला. पावलोव्ह राहिले, पण गप्प राहिले नाहीत. धर्मगुरूंच्या मुलांना शिक्षणसंस्थांतून काढून टाकले जाऊ लागले, तेव्हा आपणही धर्मगुरूचाच मुलगा असल्याचे सांगून त्यांनी अकादमीतले पद सोडले.

आणि मग 1927 साल उजाडले. वयाची 77 वर्षे उलटलेल्या या वृद्धाच्या पोटात कळा येऊ लागल्या. निदान झाले पित्तखड्यांचे. ज्या वाटेतून कुत्र्यांचे पित्त थेंबाथेंबाने मोजले, त्याच वाटेत त्यांच्या शरीरात खडा अडला होता. मॉस्कोचे शल्यविशारद मार्तिनोव्ह यांनी शस्त्रक्रिया केली आणि ती यशस्वी झाली. बरे होत असताना आपल्या हृदयाचे ठोके अनियमित पडत आहेत हे पावलोव्ह यांच्या लक्षात आले. त्यांनी काय केले असेल? स्वतःच्याच नाडीच्या नोंदी ठेवल्या आणि रोगी व निरीक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्यावर लेख लिहिला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी पित्ताच्या पिशवीला निरोप देणारे रसायन दाखवून दिले. चरबी आतड्यात आली, की अस्तरातून ते रक्तात उतरते, पित्ताशयाचे स्नायू आकसवते आणि पित्त बाहेर ढकलते. त्यांनी त्याला कोलेसिस्टोकायनिन असे लांबलचक नाव दिले. अर्थ सोपा आहे: पित्ताची पिशवी हलवणारे. अन्न पाहून, हुंगून मज्जातंतूमार्फत जाणारा निरोपही खोटा नव्हता. त्यानेही पित्ताशय थोडेसे आकसते. पावलोव्ह यांचे उत्तर चुकले नव्हते, अपुरे होते.

पण पिशवीला आकसायला सांगणारा सापडला, तरी सैल पडायला सांगणारा कोण? याचे उत्तर मिळायला आणखी बरीच वर्षे जावी लागली आणि ते पित्तातच दडलेले निघाले. पित्तातला कामाचा भाग म्हणजे पित्तक्षार. साबणाने तेलकट ताट निघावे तशी ते चरबी पाण्यात मिसळवून देतात. यकृत ते कोलेस्टेरॉलपासून तयार करते आणि शरीर ते वाया घालवत नाही. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे 95 टक्के क्षार पुन्हा रक्तात शोषले जाऊन यकृताकडे परततात. मोरित्झ शिफ यांनी 1870 मध्येच कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही फेरी दाखवली होती. माणसात अवघे दोन ते चार ग्रॅम क्षार दिवसातून अनेकदा हीच फेरी मारतात.

हे क्षार जाता-येता पिशवीला निरोप देतात, हे प्राण्यांवरील नव्या अभ्यासांतून उघड झाले. आतड्याच्या सुरुवातीला पुरेसे क्षार पोचले, की कोलेसिस्टोकायनिन सुटण्याला आवर बसतो. शेवटच्या भागात शोषले जाताना ते तिथून एक वेगळे संप्रेरक सोडायला लावतात आणि ते पित्ताशयाला सैल होऊन भरायला सांगते. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ज्या उंदरांत हे संप्रेरकच नव्हते, त्यांची पित्ताशये जवळजवळ रिकामी आढळली. शिवाय पिशवीत साठलेले क्षार तिच्या भिंतीतल्या स्नायूंवरही परिणाम करतात. गिनीपिग आणि उंदीर यांच्या पित्ताशयांवरील प्रयोगांत दिसले, की पाण्याशी फटकून आणि चरबीशी सलगी करून राहणारे क्षार स्नायूच्या पेशीवरील एका ग्राहीला चिकटून त्याची आकसण्याची शक्ती मंद करतात. ही मंदावलेली अवस्था योग्य वेळी आली तर पित्त साठते. ती लांबली तर पित्त साचून घट्ट होते आणि खड्यांना जागा मिळते. ती ग्राहीच नसलेल्या उंदरांना खडे आणणारा आहार दिला, तरी त्यांना खडे झाले नाहीत. फार दिवस उपाशी राहणाऱ्या किंवा झपाट्याने वजन उतरवणाऱ्या माणसांत खड्यांचा धोका वाढतो, त्यामागे पिशवीचे हे न हलणेही असते.

निसर्गाने मात्र ही पिशवी सर्वांना दिलेली नाही. घरातल्या लहान उंदराला ती आहे, मोठ्या उंदराला नाही. घोड्याला नाही, हत्तीला नाही. कोकण किनाऱ्यालगत दिसणाऱ्या डॉल्फिनलाही नाही, आणि त्याने गिळलेल्या माशाला मात्र आहे. सतत चरणाऱ्याला साठवण लागत नाही हे कारण घोड्याला लागू पडते, डॉल्फिनला नीटसे पडत नाही. ज्यांचे पित्ताशय शस्त्रक्रियेने काढलेले असते अशी माणसेही चांगली जगतात. त्यांचे पित्त थेट आतड्यात उतरत राहते.

पावलोव्ह पित्तखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आणखी नऊ वर्षे जगले आणि शेवटपर्यंत प्रयोगशाळेत जात राहिले. 27 फेब्रुवारी 1936 रोजी, वयाच्या 86व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्याआधी 1935 मध्ये त्यांच्याच इच्छेवरून प्रायोगिक वैद्यक संस्थेच्या बागेत एक स्मारक उभे राहिले होते. ते त्यांचे नाही, कुत्र्याचे आहे.

दिघीच्या धक्क्यावर मासा साफ करणाऱ्या बाईला या नावांशी काही देणेघेणे नाही. ती अंगठ्याने हिरवी पिशवी हळूच सोडवते. ती भरलेली असली तर तिच्या आत थांबलेले पित्त माशाच्या पुढच्या घासाची वाट पाहत असते. तो घास त्याला मिळालेला नाही. पिशवी पाण्यात पडते आणि बाई पुढचा मासा हाती घेते.